२२७ वरचं पीक आणि आम्ही जवळपास जाहीर केलेली वन-टी फेज

“ताई, वन-टी मिळाली! जे-टू स्पष्ट दिसतोय बघ.” रात्री साडेअकराला ज्युनिअरचा मेसेज, सोबत स्पेक्ट्रमचा स्क्रीनशॉट, आणि मी अर्धवट झोपेत ‘भारी’ लिहून अंगठा टाकला आणि झोपले. (वन-टी म्हणजे मॉलिब्डेनम डायसल्फाइडमधली अणूंची धातूसारखी वीज वाहणारी मांडणी, आणि जे-टू हे तिच्या ओळखीचं एक पीक.) पुढचे जवळजवळ दोन आठवडे तो अंगठा निस्तरण्यात गेले. तर ही केस सगळी लिहून काढतेय, कारण मॉलिब्डेनम डायसल्फाइडवर रामन (लेझर मारून परत आलेल्या प्रकाशातून अणूंच्या जाळीची कंपनं ओळखणं) करणारा प्रत्येक जण कधी ना कधी इथे पाय घसरून पडतो असं माझं मत झालंय.

आधी सॅम्पल काय होतं ते. टेपने सोलून काढलेला एकपदरी फ्लेक, खाली सिलिकॉन आणि त्यावर ऑक्साइड, नेहमीचंच. या मटेरियलला धातूचे कॉन्टॅक्ट लावले की रेझिस्टन्स खूप येतो, आणि २०१४ पासून माहितीये की कॉन्टॅक्टखालचा भाग सेमीकंडक्टिंग टू-एच फेजमधून मेटॅलिक वन-टी फेजमध्ये नेला तर तो बराच उतरतो. ते काम ब्यूटिल-लिथियमने झालं होतं, जे हवेत पेट घेतं आणि आमच्याकडे कुणालाच हाताळायची हौस नव्हती, म्हणून ज्युनिअरने ठरवलं की काही सेकंद हलका आर्गॉन प्लाझ्मा मारून बघू. कल्पना वाईट नव्हती.

प्लाझ्माच्या आधी तिने ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या लेझरवर स्पेक्ट्रम घेतला. अगदी पुस्तकी: ३८४ च्या आसपास ई-टू-जी, ४०३ च्या आसपास ए-वन-जी (जाळीच्या दोन मुख्य कंपनांची पीक्स), दोघांत १९ चं अंतर (सगळे आकडे प्रति सेंटिमीटर, दरवेळी लिहीत बसत नाही). १८-१९ म्हणजे एक पदर, जाड तुकड्यात हेच अंतर २५ पर्यंत जातं, हे २०१० पासून सगळ्यांचं पाठ झालेलं आहे. बाय द वे, एका पदरात सिमेट्री बदलते म्हणून या दोघांची खरी नावं ई-प्राइम आणि ए-वन-प्राइम, पण लॅबमध्ये तसं कुणी म्हणत नाही, मीही म्हणणार नाही.

प्लाझ्मानंतर मोजायच्या दिवशी हिरवा लेझर दुसऱ्या ग्रुपने अडवलेला, म्हणून तिने ६३३ चा लाल हीलियम-निऑन लावला. आणि स्पेक्ट्रम ओळखू येईना. ए-वन-जी एकदम उंच, ई-टू-जी त्याच्या शेजारी बुटका, ४५० ते ४६५ मध्ये रुंद टेकाड, ६०० आणि ६४० ला नवीन पीक्स, खालचं बॅकग्राउंड उजवीकडे चढत गेलेलं, आणि २२७ वर तो पाहुणा. आता वन-टीच्या विकृत रूपाची ओळख म्हणजे जे-वन, जे-टू, जे-थ्री, साधारण १५६, २२६ आणि ३३३ ला, हे १९९१ पासून छापलेलं आहे. २२६ आणि २२७, एवढ्या फरकाकडे कोण बघतंय?

दुसऱ्या दिवशी ग्रुपमध्ये तीन मतं पडली. ज्युनिअरचं वन-टी. एक जण म्हणाला टेपचा चिकट गोंद राहिलाय, चढतं बॅकग्राउंड त्याच्या फ्लुरोसन्सचं. तिसऱ्याचं म्हणणं लेझरने फ्लेक जाळला. मी गप्प होते, कारण अंगठा टाकून बसले होते. पण कॉफी घेताना डोक्यात आलं की आपण एका वेळी दोन गोष्टी बदलल्यात, सॅम्पलही बदललं आणि लेझरही, आणि तिघंही सगळं खापर सॅम्पलवर फोडतायत, लेझरचं नाव कुणीच घेत नाहीये.

त्याच चिपच्या दुसऱ्या कोपऱ्यात एक एकपदरी फ्लेक होता जो प्लाझ्माच्या वेळी रेझिस्टखाली (धुऊन काढता येणाऱ्या संरक्षक थराखाली) झाकलेला होता. रेझिस्ट धुतला आणि त्याच्यावर ६३३ मारला. आणि काय! उंच ए-वन-जी, ४५०-४६५ चं टेकाड, ६०० आणि ६४०, चढतं बॅकग्राउंड, सगळं जसंच्या तसं. फक्त २२७ तिथे इतकं बारीक होतं की आधी बघितलं नसतं तर नॉइज म्हणून सोडून दिलं असतं. म्हणजे त्या ‘भयंकर’ स्पेक्ट्रममधला नव्वद टक्के भाग प्लाझ्माचा नव्हताच, लाल लेझरचा होता.

का, ते जरा सावकाश बघू, कारण खरी मजा तिथेच आहे.

रामनमध्ये प्रकाश थेट अणूंना हलवत नाही, दृश्य प्रकाशाला ते जमतही नाही, मधे इलेक्ट्रॉन दलाल असतो. फोटॉन येतो, इलेक्ट्रॉनला वर उचलतो, तो उचललेला इलेक्ट्रॉन (खरं तर इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे सोडलेलं होल, दोघं मिळून एक्सिटॉन) जाळीला एक धक्का देतो म्हणजे एक फोनॉन तयार करतो, आणि मग खाली येताना थोड्या कमी ऊर्जेचा फोटॉन सोडतो. म्हणजे पीकच्या उंचीत तीन गुणक आले, प्रकाश-इलेक्ट्रॉन दोनदा आणि इलेक्ट्रॉन-फोनॉन एकदा. या सगळ्याला खाली छेद आहे, लेझरची ऊर्जा वजा एक्सिटॉनची ऊर्जा, आणि दुसरा छेद बाहेर पडणाऱ्या फोटॉनची ऊर्जा वजा एक्सिटॉनची. छेद लहान झाला की पीक फुगतं, हाच रेझोनन्स.

आता आकडे घाला. एकपदरी मॉलिब्डेनम डायसल्फाइडमध्ये ए एक्सिटॉन साधारण १.८८ इलेक्ट्रॉनव्होल्टला आणि बी एक्सिटॉन त्याच्या वर साधारण ०.१५ वर, म्हणजे २.०३ च्या आसपास (हे अंतर मॉलिब्डेनमच्या स्पिन-ऑर्बिटमुळे पडतं). हिरवा ५३२ म्हणजे २.३३, ए पासून ०.४५ लांब. लाल ६३३ म्हणजे १.९६, बरोबर दोघांच्या मधे. त्यातून ए-वन-जीचा फोनॉन ५० मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्टचा, म्हणजे बाहेर पडणारा फोटॉन १.९१ चा, तो ए एक्सिटॉनच्या आणखीनच जवळ. फक्त ए एक्सिटॉन धरून आणि रूम टेंपरेचरची रुंदी अंदाजे ४० मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट घालून मी कागदावर गुणोत्तर काढलं तर हजारपटीच्या वर गेलं. प्रत्यक्षात तेवढं होत नाही, कारण ५३२ ला बी आणि वरच्या बाकी सगळ्या अवस्थाही हातभार लावतात, पण दिशा कळते.

चढतं बॅकग्राउंड तर याहून सोपं. एक पदर डायरेक्ट गॅपचा असल्याने चमकतो, ते पीएल (फोटोल्युमिनेसन्स) साधारण १.८५ ला. लाल लेझरपासून ०.११ खाली, म्हणजे रामनच्या अक्षावर ८८० च्या आसपास. म्हणजे आपली सगळी पीक्स पीएलच्या डोंगराच्या पायथ्याशी उभी आहेत, जमीन चढणारच. हिरव्या लेझरवर तोच डोंगर ३९०० च्या जवळ जातो, स्क्रीनच्या बाहेर, म्हणून बॅकग्राउंड सपाट दिसतं. पीएल जागचं हलत नाही, रामनचं पीक लेझरबरोबर सरकतं, दोन लेझर वापरले की लगेच वेगळे करता येतात. गोंदवाल्या मित्राचा मुद्दा इथे मिटला, आणि उलट पीएल दिसतंय म्हणजे फ्लेक जळलेलाही नाही हेही कळलं.

पण ए-वन-जीच का फुगला आणि ई-टू-जी का नाही? दोघांची ऊर्जा जवळजवळ सारखी, छेद सारखेच. फरक मधल्या गुणकात आहे, इलेक्ट्रॉन-फोनॉनच्या. ए आणि बी एक्सिटॉनमधला इलेक्ट्रॉन के-पॉइंटला (मोमेंटमच्या नकाशाच्या, म्हणजे ब्रिलुआं झोनच्या कोपऱ्यावर) मॉलिब्डेनमच्या डी-झेड-स्क्वेअर ऑर्बिटलमध्ये बसलेला असतो, जे पदराच्या वर-खाली पसरलेलं आहे. ए-वन-जीमध्ये मॉलिब्डेनम स्थिर आणि वरचा-खालचा गंधक एकमेकांच्या उलट दिशेला वर-खाली हलतात, म्हणजे बरोबर त्या ऑर्बिटलच्या डोक्यावर आणि पायावर दाब. बँडची ऊर्जा सरकते, कपलिंग जोरदार. ई-टू-जीमध्ये अणू पदराच्या आतल्या आत आडवे घासतात, के-पॉइंटच्या इलेक्ट्रॉनला त्याचं फारसं काही वाटत नाही. त्याला जागं करायचं तर २.७-२.८ च्या सी एक्सिटॉनवर जायला लागतं, निळा लेझर घेऊन, तिथे ई-टू-जी वाढतो. ब्राझीलच्या एका ग्रुपने २०१५ ला कितीतरी लेझर ऊर्जा बदलून हे नीट मोजून दाखवलंय. त्यामुळे ‘ए-वन-जी आणि ई-टू-जीचं गुणोत्तर बदललं म्हणजे सॅम्पल बदललं’ हे वाक्य लेझर कोणता ते न सांगता कुणी बोललं तर मी आता ऐकूनच घेत नाही.

बरं आता उरलं २२७.

इथे मोमेंटमचा हिशेब येतो. फोटॉनचा वेव्हव्हेक्टर इतका छोटा असतो की ब्रिलुआं झोनच्या कडेचा एम-पॉइंट त्याच्या पाचशे पटींहून लांब पडतो. म्हणून एकट्या फोनॉनच्या रामनमध्ये फक्त झोनच्या मध्यातलेच फोनॉन दिसायला परवानगी. कडेचा फोनॉन दिसायचा तर दोनच वाटा. एक, त्याने उलट मोमेंटमचा जोडीदार बरोबर आणायचा, दोघांची बेरीज शून्य. ४५० च्या वरचं टेकाड तेच आहे, दोन लाँगिट्यूडिनल अकूस्टिक फोनॉन, टू-एलए म्हणतात, आणि २२७ ची दुप्पट ४५४ होते हे बघितलं की ट्यूब पेटते. इलेक्ट्रॉन एका व्हॅलीतून (बँडच्या एका खोलगट जागेतून) दुसऱ्या व्हॅलीत ढकलला जातो आणि परत येतो, जाताना एक फोनॉन, येताना दुसरा, आणि मधल्या अवस्थाही खऱ्याखुऱ्या असल्याने डबल रेझोनन्स, म्हणून लाल लेझरवर ते इतकं चढतं. टेकाड रुंद आणि वाकडंतिकडं असतं कारण त्यात एम आणि के दोन्ही बाजूंचे फोनॉन मिसळलेले असतात. ६०० आणि ६४० वाली पीक्स म्हणजे ई-टू-जी आणि ए-वन-जीच्या कडेच्या फोनॉनबरोबर हाच एलए जोडलेला. (६४० ला ४०३ अधिक २२७ करून बघू नका, जुळणार नाही, ए-वन-जीची एम-पॉइंटवरची फ्रिक्वेन्सी मध्यापेक्षा वेगळी आहे. मी एक अख्खी संध्याकाळ यात घालवलीये.)

दुसरी वाट म्हणजे डिफेक्ट. जाळीत गंधकाची जागा रिकामी असेल तर इलेक्ट्रॉन तिथे आपटून फुकटात मोमेंटम बदलतो, मग एकच एलए फोनॉन पुरतो, आणि २२७ ला एकटं पीक येतं. ग्राफीनवाल्यांचा डी-बँड असतो ना, त्याचाच हा चुलत भाऊ. २०१५ च्याच एका कामात एकपदरी फ्लेकवर आयनांचा मारा वाढवत नेला आणि डिफेक्टमधलं अंतर कमी होईल तसं हे पीक वाढत गेलं असं दाखवलंय.

म्हणजे आता दोन दावेदार झाले, जे-टू आणि डिफेक्टवाला एलए, दोघं एकाच खुर्चीवर. नुसत्या जागेवरून ठरवणं अशक्य, १ चा फरक तर कॅलिब्रेशनमध्येच गायब होतो (आम्ही सिलिकॉनच्या ५२०.७ ला बांधतो, तरीही).

मग आम्ही भावंडं शोधली. जे-टू असेल तर जे-वन आणि जे-थ्रीपण पाहिजेत. ३३३ ला काहीही नाही. १५६ ला पण नाही, जरी १७८ च्या आसपास एक छोटा उंचवटा होता आणि ज्युनिअरने मोठ्या आशेने त्याच्याकडे बोट दाखवलं, पण तो ए-वन-जी वजा एलए वाला डिफरन्सचा प्रकार आहे आणि न छेडलेल्या फ्लेकवरही होता. दुसरं, पीएल. वन-टी मेटॅलिक, त्यात पीएल उरायला नको. आमच्याकडे उतरलं होतं, साधारण अर्ध्यावर, पण शाबूत होतं. अर्थात फ्लेकचा थोडाच भाग बदलला असेल आणि बाकीचा चमकत असेल अशी पळवाट ज्युनिअरने काढली आणि ती चूक नाहीये, लेझरचा ठिपका साधारण एक मायक्रॉनचा, त्यात दोन्ही मावतात. तिसरं, शेवटी हिरवा लेझर मिळाला आणि प्लाझ्मावाला फ्लेक ५३२ वर बघितला, तर २२७ होतं पण बारीक.

या धावपळीत अजून एक भानगड झाली. ५३२ वर दोन पीक्समधलं अंतर १९ चं २१ झालेलं निघालं. तक्त्यात बघायला गेलं तर दोन पदर! प्लाझ्मा मारून एकाचे दोन पदर कसे होतील, पण तरीही कुणीतरी विचारलंच. दोन पदर असते तर २२-२३ ला शिअर मोड दिसला असता, पदर पदरावर घसरण्याचा, जो एका पदरात असूच शकत नाही. आमच्या फिल्टरने तिथपर्यंत जेमतेम दिसतं, पण शेजारच्या खऱ्या दुपदरी तुकड्यावर दिसला आणि इथे दिसला नाही, तेवढं पुरे. अंतर वाढलं ते डिफेक्टमुळे: गंधक निघून गेला की ई-टू-जी खाली सरकतो आणि ए-वन-जी थोडा वर.

ए-वन-जी वर का जातो यात मला जास्त रस होता कारण ते परत त्याच कपलिंगवर येतं. २०१२ ला बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अजय सूद यांच्या ग्रुपने एकपदरी ट्रान्झिस्टरच्या गेटवर व्होल्टेज देत रामन घेतलं. इलेक्ट्रॉन वाढले तसा ए-वन-जी खाली आला आणि रुंद झाला, ई-टू-जी जवळपास हललाच नाही. इलेक्ट्रॉन के-पॉइंटच्या त्याच ऑर्बिटलमध्ये भरले जातात, म्हणजे जो फोनॉन त्या इलेक्ट्रॉनशी बोलतो तोच बदलणार. लाल लेझरवर ए-वन-जी उंच होतो आणि डोपिंगने (इलेक्ट्रॉन कमी-जास्त केल्याने) ए-वन-जीच सरकतो, या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात पण मुळात मॅट्रिक्स एलिमेंट (तो मधला इलेक्ट्रॉन-फोनॉनचा गुणक) एकच आहे, आणि हे कळलं त्या दिवशी मला खूप बरं वाटलं होतं. आमच्या बाबतीत ए-वन-जी वर गेला म्हणजे इलेक्ट्रॉन कमी झाले, आणि ते पटतं कारण प्लाझ्मानंतर चिप हवेत आली, रिकाम्या जागांवर ऑक्सिजन चिकटला की तो इलेक्ट्रॉन ओढून घेतो. वन-टी फेज तर इलेक्ट्रॉन जास्त झाले की स्थिर होते, लिथियम तेच करतं, इलेक्ट्रॉन देतं. आमचं गाडं बरोबर उलट्या दिशेला चाललेलं.

फ्लेक जाळला म्हणणाऱ्या मित्राने मधेच अँटी-स्टोक्स (फोनॉनकडून ऊर्जा घेऊन बाहेर पडलेला प्रकाश) आणि स्टोक्सचं (फोनॉनला ऊर्जा देऊन बाहेर पडलेला) गुणोत्तर काढून आणलं, ६३३ वर, ए-वन-जीसाठी, ०.२५. सूत्रात घातलं तर सुमारे ४२० केल्विन. रूम टेंपरेचरला ०.१५ च्या जवळ यायला पाहिजे. “बघा, तापतोय!” पण ते सूत्र गृहीत धरतं की दोन्ही बाजूंना रेझोनन्स सारखा आहे. इथे स्टोक्स फोटॉन १.९१ ला बाहेर पडतो, ए च्या जवळ, आणि अँटी-स्टोक्स २.०१ ला, अगदी बी च्या मांडीवर. दोन वेगळे एक्सिटॉन दोघांना वेगवेगळं फुगवतात, मग त्या गुणोत्तरातून तापमान काढणं म्हणजे दोन वेगवेगळ्या काट्यांवर वजन करून वजाबाकी करणं. पॉवर दसपट कमी केली, गुणोत्तर तेच राहिलं आणि पीक्सची जागाही हलली नाही. खरंच सव्वाशे केल्विनने तापला असता तर ए-वन-जी एकाहून जास्तने खाली यायला हवा होता, केल्विनला साधारण ०.०१ च्या दराने.

तरी ज्युनिअरचं समाधान झालं नव्हतं आणि मला ते आवडलं, कारण ‘थोडाच भाग बदलला असेल तर’ हा तिचा मुद्दा अजून उभा होता. मग शेवटचा उपाय, अनील, म्हणजे तापवून थंड करणं. वन-टी ही मेटास्टेबल, आर्गॉनमध्ये ३०० अंश सेल्सिअसला ठेवली की परत टू-एच होते, जे पीक्स जातात आणि पीएल परत येतं. गंधकाच्या रिकाम्या जागा मात्र गंधक दिल्याशिवाय भरत नाहीत. तासभर ठेवला, थंड केला, लाल लेझर. २२७ जागच्या जागी, उलट किंचित वाढलेलं, पीएलमध्ये काही सुधारणा नाही.

“मग वन-टी नाहीच का गं ताई?”

नाहीच. कॉन्टॅक्ट तरीही टाकून बघितले, रेझिस्टन्स न छेडलेल्या फ्लेकपेक्षा जास्त आला, जे आता कुणालाच आश्चर्याचं वाटलं नाही.

एक शंका मात्र आहे ती लिहून ठेवते. न छेडलेल्या फ्लेकवरही लाल लेझरला २२७ बारीक का होईना दिसत होतं. सोललेल्या नैसर्गिक खनिजात रिकाम्या जागा असतातच, त्यामुळे ते शून्य व्हायला नको हे ठीक, पण मग ६३३ वर २२७ ची उंची कशाने भागून डिफेक्ट मोजायचे? लोक बहुतेक वेळा ए-वन-जीने भागतात. लाल लेझरवर ए-वन-जी स्वतःच रेझोनन्सने फुगलेला, आणि डोपिंग किंवा स्ट्रेनने (जाळीवरच्या ताणाने) एक्सिटॉन जरा सरकला की त्याची उंची बदलणार, म्हणजे मोजपट्टीच रबराची. म्हणून डिफेक्टचा आकडा आम्ही ५३२ वरूनच काढतो, जरी तिथे पीक बारीक असलं आणि तासभर गोळा करायला लागलं तरी. टंगस्टन डायसल्फाइडवाल्यांनी मात्र हे जसंच्या तसं उचलू नका, त्यांच्याकडे बी एक्सिटॉन २.४ च्या आसपास आहे, म्हणजे त्यांचा हिरवा लेझर आमच्या लालसारखाच वागतो आणि टू-एलए थेट ई-टू-जीच्या अंगावर येऊन बसतो.

ज्युनिअर आता ब्यूटिल-लिथियमचं सेफ्टी ट्रेनिंग घेतेय.